चिठ्ठीत निघालेलं गाव

परमुलखात माणूस रुळतो कशामुळे? स्वतःच्या गुणांमुळे, की जिथे येऊन पडला त्या जागेमुळे? युरोपात यावर भांडणारे पुष्कळ, पण मोजणं अवघड. धडपड्या माणूस नोकऱ्या असलेलं शहर आपणहून गाठतो. मग श्रेय माणसाचं की शहराचं?

स्वित्झर्लंडने हा गुंता नकळत सोडवला. तिथे आश्रय मागणाऱ्यांना 26 कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांत, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून देतात. कोण कुठे जाणार, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखंच. फ्रेंच बोलणारा आफ्रिकी माणूस फ्रेंचभाषक जिनिव्हाला जाईल, नाहीतर तोच जर्मनभाषक झुरिकला. माणसं सारखी, जागा वेगळी. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. ओळखीची भाषा वाट्याला आली की काम लवकर मिळतं, हे त्यातून दिसलं. त्यात नवल नाही.

नवल आहे ते वाट पाहण्याचं. 1994 ते 2004 मधल्या स्विस नोंदी सांगतात, की अर्जाच्या निकालासाठी एक वर्ष जास्त ताटकळलेल्यांपैकी नंतर कामाला लागणारे शंभरात चार-पाच कमी असतात. वय, देश, स्त्री-पुरुष, कशानेही फारसा फरक पडत नाही. जर्मनीतला दाखला तर बोचरा आहे. तिथे आल्यावर काही काळ काम करायला बंदी असे. युगोस्लाव्हियातून 1999 मध्ये आलेल्यांना ती 2000 मध्ये आलेल्यांपेक्षा सरासरी सात महिने जास्त सोसावी लागली. पाच वर्षांनंतरही त्यांच्यात नोकरदार शंभरामागे वीसने कमी! दरी बुजायला जवळपास दहा वर्षं लागली. रिकामे बसवून ठेवायचं आणि मग ‘यांना कामाची सवयच नाही’ म्हणायचं, असा हा प्रकार.

2018 मध्ये संशोधकांनी जुन्या स्विस माहितीवर संगणकाकरवी नव्याने वाटप करून पाहिलं: कोणाचं कुठे जमेल याचा अंदाज घेऊन. तिसऱ्या वर्षी काम असलेल्यांचं प्रमाण कागदावर 15 वरून 26 टक्क्यांवर गेलं. खर्च जवळजवळ शून्य. माणसाला स्वतःला कुठे जायचंय, हे मात्र त्या गणितात नव्हतं.

2022 मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाने देश निवडू दिला आणि कामाची मुभाही लगेच दिली. अशांची संख्या 40 लाखांवर गेली. त्यांच्यासाठी हे बरंच झालं. संशोधकांची जुनी अडचण मात्र परत आली, कारण इथे चिठ्ठीच नव्हती. शिवाय 18 ते 60 वयाच्या बहुतेक पुरुषांना युक्रेनबाहेर पडायला मनाई होती. आलेल्यांत बायका-मुलंच जास्त. आता तुलना करायची तर कोणाशी?