हरलेल्या कुस्तीचा हिशेब मेंदू कसा मांडतो

चैत्रात सातारा-सांगलीकडच्या जत्रांची मैदानं सुरू झाली की दोन मतं हमखास ऐकू येतात. हरल्याशिवाय पोरगं घडत नाही, हे एक. एवढ्या लहान वयात हार खाल्ली तर खचतं, हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. हारेतून मेंदू काय शिकणार, हे कुस्तीआधी अपेक्षा किती होती आणि नंतर हारेचं खापर कशावर फुटलं, यावर ठरतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची आणि ते कमी करण्याचे उपवास विकायची सध्या टूम आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग वेगळंच सांगतात. फळाचा रस अचानक मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात स्पंदन करत. दिव्याची खूण दिसल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं, की स्पंदन खुणेलाच होई, रसाला नाही. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीच्या पातळीखाली जाऊन गप्प होत. म्हणजे या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि निकाल यांतला फरक मोजतात. हरल्यावर पोटात पडणाऱ्या खड्ड्यात या फरकाचा मोठा वाटा आहे.

आकड्यांत पाहू. जिंकणं 100, हरणं 0. प्रत्येक कुस्तीनंतर अपेक्षा फरकाच्या दहाव्या हिश्शाने सरकते असं धरू. 95 अपेक्षा असलेला मल्ल जिंकला तर फरक फक्त 5, अपेक्षा 95.5 होणार. हरला तर फरक उणे 95, अपेक्षा 85.5. अपेक्षा 50 असेल तर निकाल कोणताही लागो, ती 5 ने हलतेच. मानसशास्त्रज्ञ रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी 1972 मध्ये मांडलेल्या शिकण्याच्या सूत्राचा गाभा हाच. आता जिंकण्याची शक्यता गुणिले हरण्याची शक्यता काढा. निकालातली अनिश्चितता त्यावरून कळते. 0.95 गुणिले 0.05 म्हणजे 0.0475. 0.5 गुणिले 0.5 म्हणजे 0.25, पाचपटीहून जास्त. कायम जिंकणारा आणि कायम हरणारा, दोघांच्याही मेंदूला निकालातून नवं काही कळत नाही. मैदानात पंच वजन, उंची आणि तयारी बघून तोडीस तोड जोड लावतात, त्यामागचं गणित हेच आहे. इनामासाठी दुबळा जोडीदार पुढे करणं दोन्ही पोरांचं नुकसान करतं.

खरी अडचण पुढे आहे. फरक कळला तरी तो कोणत्या हालचालीमुळे पडला, हे मेंदूला आपोआप कळत नाही. मातीवर निकाल एकच, चितपट. पाठ टेकण्याच्या वीस सेकंद आधी पाय चुकीचा पडला होता, पण दोष शेवटच्या डावावर जातो. मॅटवर मधले निरोप मिळतात : रिंगणाबाहेर गेलात की समोरच्याला 1 गुण, त्याने खाली घेऊन ताबा मिळवला की 2, उचलून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं की 4. त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधायला जागा राहते. मातीत शिकलेला मल्लही मॅटवर घडू शकतो : गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले, 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं.

खापर चुकीच्या जागी फुटलं की अंधश्रद्धा जन्मते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1948 मध्ये भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने, ती काहीही करोत, दाणे दिले. दाणे पडताना कोणी गिरकी घेत होतं, कोणी मान हलवत होतं. तीच हालचाल ती पुन्हा पुन्हा करू लागली. ‘दृष्ट लागली म्हणून हरला’ किंवा ‘तो लाल लंगोट लाभतो’ हे त्याच जातीचं आहे. दृष्ट काढून एकेरी पटाचा, म्हणजे एका पायावरच्या पकडीचा, बचाव सुधारत नाही.

म्हणून वस्तादांनी कुस्तीआधी पोराकडून वहीत लिहून घ्यावं : जिंकण्याची अपेक्षा दहापैकी किती आणि कोणता एक बचाव टिकवायचा. हरल्यावर आखाड्याच्या कडेला चिरफाड करू नये. ताण सुरू झाल्यापासून साधारण 20 ते 30 मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक शिगेला पोचतं. तेव्हाचा अपमान पक्का लक्षात राहतो, तांत्रिक सूचना निसटतात. पाणी, जेवण, झोप होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरचं चित्रण शेवटच्या डावापासून नव्हे, सुरुवातीपासून पाहावं, आणि पहिल्यांदा तोल गेला तिथे थांबवावं. तेवढीच स्थिती लावून तालमीत दहा-दहा सेकंदांच्या झटापटी घ्याव्यात. जोडीदार असा निवडावा की बचाव निम्म्या वेळा टिकेल. दहापैकी आठ वेळा टिकू लागला की जोडीदार बदलावा.

मात्र दोन आठवडे झोप आणि भूक उडालेली असेल, पोरगं तालमीकडे फिरकत नसेल, तर तो सरावाचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांना दाखवावं किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोलावं.