बाप्तिस्मा आणि सेवापदे (आद्य ख्रिस्ती मंडळी)

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा पाण्याचा संस्कार. त्याला स्नानसंस्कार असेही म्हणतात. पहिल्या शतकांत पाणी किती आणि कसे, यापेक्षा ते घालणारा हात कोणाचा, हा प्रश्न जास्त जिव्हारी लागला. मंडळीतील पदे कशी घडली, हेही त्याच प्रश्नातून उलगडते.

आरंभी हे काम कोणा एकाचे नव्हते. करिंथमध्ये आपण क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचे घराणे यांनाच बाप्तिस्मा दिला, असे प्रेषित पौल लिहितो. ‘डिडाखे’ ही छोटी नियमपुस्तिका (पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा आरंभ) पाण्याबद्दल व्यवहारी आहे : वाहते पाणी उत्तम; ते नसेल तर साठलेले; थंड शक्य नसेल तर कोमट; दोन्ही पुरेसे नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओतावे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा, देणाऱ्यानेही करावा. बाप्तिस्मा कोणी द्यायचा, हे मात्र ती सांगत नाही. थोड्याच काळाने सीरियातील अंत्युखियाचा बिशप (मंडळीचा प्रमुख) इग्नाती बजावतो की बिशपला वगळून बाप्तिस्मा देणे योग्य नाही. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन हा क्रम स्पष्ट करतो : पहिला अधिकार बिशपचा, मग त्याच्या संमतीने वडील (प्रेस्बितर) आणि डीकन (मंडळीचे सेवक) यांचा, आणि निकड असेल तर सामान्य विश्वासी पुरुषाचाही. स्त्रियांना तो हा अधिकार नाकारतो.

सविस्तर विधी ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात मिळतो. तीन वर्षे शिकवण, मग कोंबडा आरवण्याच्या वेळी पाण्यावर प्रार्थना. आधी मुले, नंतर पुरुष, शेवटी केस मोकळे सोडून दागिने उतरवलेल्या स्त्रिया, सर्वजण विवस्त्र. सैतानाचा त्याग, भूतनिवारणाच्या तेलाचा अभ्यंग, मग श्रद्धेचे तीन प्रश्न आणि प्रत्येक होकारानंतर एक बुडी. बाहेर आल्यावर प्रेस्बितर उपकारस्तुतीचे तेल लावी, बिशप हात ठेवी, आणि पहिल्या प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) दूध-मधाचा प्याला मिळे. ग्रंथ हिप्पोलितसच्या नावावर चालतो, पण कर्तृत्व आणि काळ दोन्ही वादग्रस्त आहेत. तिसऱ्या शतकातील रोमचे हुबेहूब चित्र म्हणून तो वाचणे चूक ठरते.

विवस्त्र स्त्रियांना तेल लावायचे कोणी, या अडचणीला सीरियातील ‘दिदस्कालिया’ या नियमग्रंथाने उत्तर दिले : अभ्यंग डीकन स्त्रीने करावा. पाण्यावरील शब्द मात्र पुरुषानेच उच्चारायचे. मराठी बायबलमधील किंख्रियाची सेविका फिबी हिच्यासाठी पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘दिआकोनोस’ हाच, म्हणजे ज्यावरून ‘डीकन’ आला तोच, आहे. ‘सेविका’ म्हटल्याने त्यातले पद झाकले जाते.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळानंतर वाद पेटला. पाखंडी गटात दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ, असे उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणे. २५६ साली ८७ बिशपांच्या सभेने त्याला दुजोरा दिला. रोमचा बिशप स्तेफन मात्र अशा माणसाला पुन्हा पाण्यात न उतरवता केवळ हात ठेवून आत घेई. ३१४ साली आर्ल (आजचा फ्रान्स) येथे भरलेल्या बिशपांच्या सभेने बाप्तिस्मा त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला असल्यास रोमचीच रीत मान्य केली.

खाटेवरच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न वेगळा. आजारपणात पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा खरा मानत, पण भीतीपोटी घेतलेला म्हणून त्यावर संशय असे. असा बाप्तिस्मा घेतलेल्या नोवातियन याला प्रेस्बितर नेमण्याला रोममध्ये याच कारणाने आक्षेप घेतला गेला, आणि पुढे नवकैसरिया (आजचे तुर्कस्तान) येथील बिशपांच्या सभेने अशा माणसाला प्रेस्बितरपद बंद केले. त्याचा नंतरचा उत्साह दिसला आणि माणसेही कमी पडली, तरच सूट.