३६ सेल, १२ व्होल्ट आणि आषाढ : ग्रिडविना चालणाऱ्या घराची पार्श्वभूमी

जुन्या ‘बारा व्होल्ट’च्या सोलर पॅनलवरचे सेल मोजले तर ते ३६ भरतात. हा आकडा सूर्यावरून ठरलेला नाही, बॅटरीवरून ठरलेला आहे. सिलिकॉनचा एक सेल भर उन्हात साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे ३६ सेलांचे १८ व्होल्ट. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की त्यातले अडीच-तीन व्होल्ट कमी होतात, थोडे वायरमध्ये जातात. उरतात जेमतेम १४.४, आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी (मोटारीत असते ती) पूर्ण भरायला नेमके तेवढेच लागतात. ग्रिडशिवाय, म्हणजे वीज कंपनीच्या तारांशिवाय, चालणाऱ्या घराचा इतिहास असा आहे : पॅनल नवं, पण त्याचा साचा घडवला जुन्या बॅटरीने. आणि अशा घरांत आजवर जे बिघडत आलं, तेही बहुतेक वेळा बॅटरीपाशीच.

लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. सिलिकॉनचा कामाचा सोलर सेल अमेरिकेच्या बेल लॅब्सने १९५४ मध्ये दाखवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. किंमत इतकी की पहिलं गिऱ्हाईक उपग्रहच : १९५८ चा व्हॅनगार्ड-१. जमिनीवर पॅनल आले ते १९७३ च्या आसपास. रसायनशास्त्रज्ञ एलियट बर्मन यांनी एक्झॉन या तेल कंपनीच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन उभी केली आणि एका वॉटची किंमत १०० डॉलरच्या घरातून २० वर आणली. हे पॅनल प्रथम गेले समुद्रातल्या तेलविहिरींच्या इशारादिव्यांवर. तिथे वायर ओढणं अशक्य होतं आणि बॅटऱ्या बदलायला बोट पाठवणं महाग पडत होतं.

घरात पॅनल शिरला तो उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत. सत्तरच्या दशकात तिथे वस्तीला गेलेल्या लोकांच्या घरांपर्यंत विजेचे खांब पोचत नव्हते. मोटारीच्या बॅटरीवर मोटारीचाच दिवा आणि रेडिओ चालायचा. १९७८ मध्ये जॉन शेफर यांनी विलिट्स गावात दुकान काढून या लोकांना पॅनल विकायला सुरुवात केली. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून घरही १२ व्होल्टचं झालं.

त्या निवडीचे दोन तोटे पुढे सगळ्यांनी भोगले. पहिला बॅटरीच्या प्लेटचा. मोटारीची बॅटरी काही सेकंद जबर करंट देऊन लगेच पुन्हा भरून घेण्यासाठी बनवलेली असते, तिच्या प्लेट पातळ असतात. रोज अर्धी रिकामी केली तर ती फार दिवस टिकत नाही. कॅलिफोर्नियातले लोक गोल्फ कार्टच्या जाड प्लेटच्या ६ व्होल्टी बॅटऱ्यांकडे वळले. आपल्याकडे ती जागा ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटच्या, बॅटरीने घेतली. दुसरा तोटा वायरचा. ३०० वॉटचा लोड १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून १० मीटरवर ४ चौरस मिलिमीटरची वायर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर तांब्यात जवळजवळ २.२ व्होल्ट जातात, म्हणजे १८ टक्के. तोच लोड ४८ व्होल्टवर, त्याच वायरमधून चालवला तर नुकसान एका टक्क्याच्या जरा वर. एखाद-दुसरा दिवा आणि मोबाइल सोडून नव्या घरात १२ व्होल्टची प्रणाली बसवू नये, ती यासाठी.

भारतात गाझियाबादजवळच्या साहिबाबादची सरकारी सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड १९७४ मध्ये स्थापन झाली. तिने १९७७ मध्ये पहिला सोलर सेल आणि १९७८ मध्ये पहिला पॅनल तयार केला. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला, १९८५ मध्ये महाराष्ट्रात महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था. यातूनच पुढे खांब न पोचलेल्या गावापाड्यांसाठी घरगुती दिव्यांचे संच आले. सर्वांत ओळखीचा संच : ३७ वॉटचा पॅनल, १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची बॅटरी, दोन सीएफएल दिवे आणि बॅटरी जास्त भरू किंवा जास्त रिकामी होऊ न देणारा एक चार्ज कंट्रोलर.

या संचाचं गणित मांडून पाहिलं की तो का बंद पडायचा ते कळतं. चांगल्या दिवसाचं ऊन पाच तासांचं धरलं, तर घट जाऊन सुमारे १३० वॉट-अवर हाती येतात. दोन सीएफएल चार तास चालवायला ८० पुरतात. आषाढात ऊन दोन तासांवर येतं, मिळतात ५० च्या आसपास. रोज ३० ची तूट. बॅटरीत एकूण ४८० वॉट-अवर, त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे आठ दिवसांच्या झडीनंतर कंट्रोलर दिवे तोडणार. तो बरोबरच करतो, पण पाड्यावर त्या रात्री अंधार असतो आणि दुरुस्तीला माणूस जवळ नसतो. मग कुणीतरी कंट्रोलरला वळसा घालून दिवे सरळ बॅटरीला जोडतो. बॅटरी तळापर्यंत रिकामी होते, प्लेटवरचं लेड सल्फेट मऊ राहत नाही, त्याचे पांढरे कडक खडे होतात आणि नंतर कितीही ऊन मिळालं तरी ते विरघळत नाहीत. त्या माणसाला दोष देणं चुकीचं आहे. संचात पावसाळ्यासाठी शिल्लकच ठेवलेली नव्हती, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कुणाचा, हे ठरलेलं नव्हतं. घरोघरी वीज पोचवण्याच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा पॅनल, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी सॉकेट आणि पाच वर्षांची देखभाल धरली गेली. मधल्या काळात काय शिकलो, ते या आकड्यांत दिसतं.

शहरी आणि निमशहरी महाराष्ट्राची बॅटरीशी ओळख झाली ती लोडशेडिंगमुळे. २००५ नंतरच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आली. डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड कधीच नाही, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावायचं, हे तेव्हा सगळे शिकले. पण त्याच सवयीतून एक गैरसमजही पक्का झाला. लोडशेडिंगची बॅटरी तीन-चार तास वापरली की ग्रिड तिला पुन्हा पूर्ण भरतं. ग्रिड नसलेल्या घरात बॅटरी रोज रिकामी होते आणि काही आठवडे पूर्ण भरतच नाही. म्हणून तिथे इन्व्हर्टरची नेहमीची सी-२० दराची (क्षमता २० तासांत रिकामी करून मोजलेली) बॅटरी न घेता सी-१० दराची (१० तासांत मोजलेली) सोलर ट्युब्युलर घ्यायची, आणि ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घरात ठेवायचा. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ही घनता, १.२४० च्या आसपास हवी. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली दिसला, तर इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणणारा मुद्दाम जास्तीचा चार्ज, द्यायची वेळ झाली.

दरम्यान पॅनल बॅटरीपासून तुटला. जर्मनीच्या २००० च्या कायद्याने छतावरची वीज ग्रिडला ठरलेल्या दराने विकता येऊ लागली आणि बाजार तिकडे वळला. ग्रिडला १२ व्होल्टशी कर्तव्य नव्हतं, म्हणून पॅनल ६० आणि ७२ सेलांचे झाले. आजच्या ५४० वॉटच्या पॅनलमध्ये १४४ अर्धे सेल असतात. तो ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देतो. हा पॅनल जुन्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (पॅनल नुसता बॅटरीला जोडणारा-तोडणारा) १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला, तर करंट तेवढाच राहतो, व्होल्टेज मात्र बॅटरीएवढं खाली ओढलं जातं. १३ गुणिले १३, म्हणजे १७० वॉट. बाकी दोन तृतीयांश वाया. इथे जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलरच लागतो. त्यातही घात होतो तो थंडीत. अशा दोन पॅनलचं ओपन सर्किट (काहीही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज सिरीजमध्ये ९९ येतं आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर चालेलसं वाटतं. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर आला की तेच १०३ होतं आणि कंट्रोलर जळतो. १५० व्होल्टचाच घ्यावा.

ग्रिडकडे वळलेल्या बाजाराचा गोंधळ अजून चालू आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतलं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या छतासाठी आहे. त्यातला साधा इन्व्हर्टर वीज गेली की, तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून, स्वतःही बंद होतो. दुपारी बारा वाजता लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, अशी तक्रार यामुळेच येते.

लिथियम आयर्न फॉस्फेट हे आजच्या लिथियम बॅटरीतलं रसायन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९६-९७ मध्ये मांडलं. घरगुती बॅटरी म्हणून ते परवडू लागायला वीस वर्षं गेली. तोवर घराची भूकही कमी झाली होती : ७५ वॉटचा पंखा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) होऊन २८ वर आला. तीन पंखे दहा तास चालवायला सव्वादोन युनिट लागायचे, आता एकही लागत नाही. दिवे, पंखे, टीव्ही, १९० लिटरचा फ्रिज आणि मिक्सर धरून अडीच युनिटमध्ये दिवस निघतो. त्यासाठी ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी, म्हणजे ५ युनिट, आणि ५४० वॉटचे चार पॅनल पुरतात. हिवाळ्यात हे पॅनल रोज आठेक युनिट देतील, गरजेच्या तिप्पट. काळ्या आषाढी दिवशी दोन देतील. पूर्वी पॅनल महाग म्हणून तो मोजून-मापून बसवत. आता बॅटरी वाढवण्यापेक्षा पॅनल वाढवणं स्वस्त पडतं.

पॅनलचा कोनही आषाढावर ठरवावा. युरोप-अमेरिकेत नड डिसेंबरची, म्हणून तिथे पॅनल उभट ठेवतात. आपल्याकडे नड पावसाळ्याची. तेव्हा सूर्य डोक्यावर आणि उजेड ढगांतून सगळीकडून विखुरलेला असतो. १० ते १५ अंश पुरे, पावसाने काच धुतली जाईल एवढाच उतार.

लिथियमचा बिघाड वेगळ्या तऱ्हेचा आहे. लेड-ॲसिड हळूहळू मंदावून सूचना देते. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, एका क्षणात सगळं घर बंद करतो. झडीत बॅटरी तीन-तीन आठवडे पूर्ण भरली नाही, की टक्क्यांचा आकडा सरकत जातो आणि सेलांची पातळी एकमेकांपासून वेगळी होत जाते, कारण त्यांची बरोबरी साधली जाते ती पूर्ण भरतानाच. मीटर ३० टक्के दाखवत असताना अंधार होतो तो यामुळे. उपाय : पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जनरेटरला चार्जर लावून बॅटरी एकदा काठोकाठ भरायची, आणि भरल्यावरही तासभर तशीच जोडून ठेवायची.