शेजारच्या टाकीत काय आहे?

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या जयप्रकाश नगर आणि काझी कॅम्प या वस्त्यांमधली माणसं खोकत, डोळे चोळत जागी झाली आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा वायू हवेच्या जवळपास दुप्पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, म्हणून खाली झोपलेल्यांना आणि लहान मुलांना आधी गाठतो. पाण्याशी त्याची चटकन अभिक्रिया होते. डोळे आणि फुप्फुसं ओलसर असतात, म्हणूनच तिथे तो एवढी इजा करतो. पण याच गुणधर्मामुळे नाकातोंडावर ओलं फडकं धरलं, तर त्याचा बराचसा भाग फडक्यातच अडतो. उलट धावलं की श्वास वाढतो आणि वायू अधिक खोल जातो.

ओलं फडकं भोपाळच्या प्रत्येक झोपडीत मिळालं असतं. ते तोंडावर धरायचं, धावायचं नाही, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही आपण कोणत्या विषाशी लढतो आहोत हे ठाऊक नव्हतं. बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा सुरुवातीला थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तोवर रात्रीचे दोन वाजत आले होते.

टाकी क्रमांक ६१० मध्ये या रसायनाचा सुमारे ४२ टन साठा होता. ते ३९ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून शून्याच्या आसपास थंड ठेवायचं असतं. पण टाकीची शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद केली होती. पाणी आत कसं शिरलं यावर कंपनी आणि कामगारांचं कधीच एकमत झालं नाही. पुढचं रसायनशास्त्र मात्र वादातीत आहे. पाण्याशी अभिक्रिया झाली की उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते, दाब चढतो आणि सुरक्षा झडप उघडते. वायू शोषून घेणारा कॉस्टिक सोड्याचा मनोरा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरा होता. वायू जाळून टाकणाऱ्या ज्योतीचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता.

मला याहून मोठा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. एवढा साठा करायचाच कशाला? मिथाइल आयसोसायनेट हे काही विकायचं उत्पादन नव्हतं. सेव्हिन हे कीटकनाशक बनवताना मधल्या पायरीवर लागणारं ते रसायन. लागेल तेवढंच बनवून लगेच वापरता येतं, आणि भोपाळनंतर ड्युपाँटने अमेरिकेत तसं करून दाखवलं. युरोपने १९८७ मध्ये या रसायनासाठी कडक नियम लागू होण्याची मर्यादा एक टनावरून १५० किलोवर आणली. ४२ टन आणि १५० किलो हे दोन आकडे शेजारी ठेवले, की हा केवळ एका रात्रीचा अपघात नव्हता हे कळतं.

आणि इशारे मिळाले नव्हते असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जिन या विषारी वायूच्या गळतीने एका कामगाराचा जीव गेला. १९८२ मध्ये स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करायला सुरुवात केली. दोन वर्षं ते लिहीत राहिले. वाचणाऱ्यांकडे अधिकार नव्हते आणि अधिकार असणाऱ्यांनी वाचलं नाही.

जबाबदारीचा हिशेब तर फारच उशिरा आणि फारच अपुरा झाला. १९८९ मध्ये भारत सरकार आणि कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. कंपनीचे तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष वॉरन अँडरसन २०१४ मध्ये वारले. खटल्याला ते कधी सामोरे गेलेच नाहीत. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला जानेवारी २०२५ उजाडला.

कायदा मात्र बदलला. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियमची, म्हणजे अतितीव्र गंधकाम्लाची, गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवलं, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला 'आम्ही पुरेशी काळजी घेतली होती' हा बचाव मिळणार नाही; नुकसान झालं की जबाबदारी त्याचीच. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिची चर्चा फार कमी होते. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते अशा कारखान्याबाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप काय आणि अशा वेळी काय करायचं, काय टाळायचं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. अर्ज आला तर उपकार म्हणून सांगायची ही गोष्ट नाही. ती आधीच, आपणहून सांगायची आहे.

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्स कारखान्याच्या टाकीतून स्टायरिन या प्लास्टिकसाठी लागणाऱ्या रसायनाची वाफ सुटली. १२ माणसं मेली. तिथेही शीतयंत्रणा चोवीस तास चालत नव्हती, रसायन आतल्या आत तापत गेलं, वाफ हवेपेक्षा जड होती आणि भोंगा वाजलाच नाही. मधली ३५ वर्षं कुठे गेली, असा प्रश्न पडतो आणि संतापही येतो.

एक सांगायलाच हवं. 'ओला रुमाल धरा' हा सल्ला सगळीकडे चालत नाही. स्टायरिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तिथे ओल्या रुमालाचा फारसा उपयोग नाही. जलशुद्धीकरण केंद्रातल्या सिलिंडरमधला क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो. तळमजला सोडून वर जाणं शहाणपणाचं. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात वापरला जाणारा अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, पाण्यात भरपूर विरघळणारा; पण द्रवरूपातून एकदम सुटला तर थंड ढगासारखा काही काळ जमिनीलगत रेंगाळतो. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं निघायचं, घरात असाल तर दारं-खिडक्या बंद करून फटींत कापड कोंबायचं, एवढं बहुतेक वायूंना लागू पडतं. बाकी सगळं त्या रसायनाच्या नावावर ठरतं. म्हणूनच ते नाव शेजाऱ्यांना आधी माहीत असायला हवं.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये मोठा स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, कुंपणाबाहेरच्या घरांच्या काचा फुटल्या. 'कारखाने आधीचे, लोक नंतर राहायला आले' असं सांगितलं जातं. ते खरं असलं तरी बांधकामाला परवानगी लोकांनी स्वतःला दिलेली नसते, आणि सातबारा किंवा घराचा करारनामा वाचून शेजारच्या टाकीत काय आहे ते कळत नाही.

तारापूर, महाड, लोटे, अंबरनाथ किंवा पाताळगंगा, कुठेही राहत असलात तरी विचारता येईल. जिल्हाधिकारी कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही त्यासाठीची दारं. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. परिसरातल्या कोणत्या कारखान्यांत कोणती घातक रसायनं किती साठवली जातात, कारखान्याबाहेरच्या लोकांसाठीचा आपत्कालीन आराखडा कुठे पाहता येईल, मागची रंगीत तालीम कधी झाली आणि तिच्यात वस्तीतले लोक होते का, हे विचारावं. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात स्थानिक आपत्ती गट असायला हवा, त्याची बैठक दरमहा व्हायला हवी आणि इतिवृत्त जिल्हा गटाकडे जायला हवं. गेल्या वर्षभराची ती इतिवृत्तं मागावीत. बैठका झाल्याच नसतील, तर तसं लेखी मागावं.