डोले आणि जोर

तुळशीचं लग्न जवळ आलं की जिममध्ये लग्न ठरलेल्या मुलांची गर्दी होते. मागणी एकच: तीन महिन्यांत बॉडी पाहिजे. हौस आहे, करावी. फक्त डोले आले म्हणजे जोर आला, असं धरून चालू नये.

सांगलीचा संकेत सरगर बघा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो वजनी गटात होता. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बारबेल आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, त्यानं १३५ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट. स्पर्धेतले दोन्ही प्रकार मिळून एकूण २४८ किलो आणि रौप्यपदक. सोनं एका किलोनं हुकलं. एवढ्या वजनाचा पोरगा शर्ट घालून एसटीत शेजारी बसला तर आपण दुसऱ्यांदा वळून बघणार नाही.

याचं कारण दंडाच्या घेरात सापडत नाही. स्नायूतले किती तंतू एकदम कामाला जुंपायचे, हे मज्जासंस्था ठरवते आणि तिला ते शिकावं लागतं. नवशिक्या उचलतो ते वजन पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं, बाही मात्र सैलच राहते, ती म्हणूनच. पुढे स्नायू मोठा झाला की जोरालाही मदत होतेच, पण दोन्हींची मेहनत वेगळी. डोल्यांसाठी साधारणपणे मध्यम वजन, आठ-बारा रेप्स (एका दमात उचलण्याच्या खेपा), दमेपर्यंत. जोरासाठी जड वजन, एक ते पाच रेप्स आणि मध्ये चांगली दोन-चार मिनिटं विश्रांती. (बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता बसलाय.)

खरा फरक ‘कशासाठी?’ विचारल्यावर कळतो. डोल्यांना आरसा लागतो आणि लग्नाचा अल्बम हातात आला की अनेकांची फी थकते. कोल्हापूरच्या तालमीत पोरांना जोर-बैठकांचं कारण समजावत बसावं लागत नाही. समोर लाल माती असते आणि चीतपट करायला कुणीतरी टपलेलंच असतं.

मला कारण उशिरा मिळालं. वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा पलंगावरून खुर्चीत बसवताना माझे पंधरा वर्षांचे डोले काही कामाचे नव्हते. साठ किलोचा माणूस साठ किलोच्या बारबेलसारखा नसतो; त्याला धरायला दांडी नाही, आणि तो घाबरलेला असतो. त्यानंतर मी आरशाकडे पाठ करून डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन कमरेपर्यंत उचलणं) आणि बैठका सुरू केल्या. वय वाढतं तसा स्नायूंच्या आकारापेक्षा जोर लवकर ओसरतो, हेही तेव्हाच कळलं.

फिजिओथेरपिस्टनं बाबांना व्यायाम दिला तो असा: हात न टेकता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. म्हणजे बैठकच की. पहिल्या आठवड्यात एकही जमेना. परवा सहा झाल्या आणि सातवीला त्यांनी माझा हात झटकला.