चार हजार शहाण्णव खणांचं हृदय

"मशीनने माझ्यावर किती किरणं सोडली?" बोन स्कॅन, म्हणजे हाडांची तपासणी, करून आलेल्या शेजारच्या काकांनी विचारलं. एकही नाही, हे माझं उत्तर त्यांना काही पटेना. पण इथे गंगा उलटीच वाहते. शिरेतून टोचलेलं टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य शरीराच्या आतून गॅमा किरण सोडतं आणि कॅमेरा नुसता मोजत बसतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 6 तास, त्यामुळे चोवीस तासांनी सोळावा हिस्साही उरत नाही; काही भाग तर लघवीवाटेच गेलेला असतो. 'रेडिएशन शोषणारी' लॉकेटं विकणाऱ्यांचं काम निसर्ग फुकटात करतो.

गॅमा कॅमेरा हॅल अँगर यांनी 1957 साली बर्कलेत बनवला. सुरुवातीला चित्र ऑसिलोस्कोपवरून, म्हणजे विद्युत संकेत दाखवणाऱ्या पडद्यावरून, थेट फिल्मवर उतरायचं. पुढे मोजणीसाठी मिनीकॉम्प्युटर आले, महागडे आणि कपाटाएवढे. नंतर हेच काम साध्या पीसीवरही होऊ लागलं. तो या कामाला पुरला कसा?

गंमत अशी, की हे काम मुळात टपाल वाटण्याचं आहे. किरण स्फटिकावर आदळला की क्षणभर ठिणगी पडते. ती आडवी-उभी कुठे पडली हे सांगणारे दोन विद्युतदाब कॅमेरा देतो. पीसीच्या खाचेत बसवलेलं कार्ड त्यांचे 0 ते 63 मधले दोन आकडे करतं. उभ्या आकड्याला 64 ने गुणा, आडवा मिळवा, झाला खणाचा पत्ता. असे खण 4096. ज्याचा पत्ता आला त्या खणात एक मिळवायचा, बस्स.

हृदयासाठी मात्र थोडी चलाखी लागते. रक्तातल्या लाल पेशींना टेक्नेशियम चिकटवतात. मिनिटाला 75 ठोके धरले तर एक ठोका 0.8 सेकंदाचा. त्याचे 16 भाग केले की प्रत्येकाला 0.05 सेकंद मिळतो. तेवढ्यात ठिणग्या इतक्या थोड्या पडतात, की चित्र बनतच नाही. म्हणून ईसीजीची आर-लाट, म्हणजे नवा ठोका सुरू झाल्याची खूण, आली की पुन्हा पहिल्या चित्रापासून भरायला घ्यायचं. दहा मिनिटांत असे 750 ठोके एकावर एक रचले जातात आणि पडद्यावर एकच ठोका धडधडताना दिसतो! प्रत्येक खणाला 2 बाइट धरले तरी सोळा चित्रांना 128 किलोबाइट लागतात. जुन्या डॉस-पीसीच्या 640 किलोबाइट मेमरीत ती आरामात मावत. स्पेक्टचं, म्हणजे कॅमेरा शरीराभोवती फिरवून घेतलेल्या चित्रांचं, त्रिमितीय गणित त्याला जड जाई, तो वेगळा विषय.

विकसनशील देशांतल्या जुन्या, पण धडधाकट कॅमेऱ्यांना असे पीसी जोडून द्यायला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मदत केली, ती याच हिशेबावर.

शेवटी डाव्या जवनिकेभोवती, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याभोवती, कुंपण आखून आतल्या किरणांची गणती करतात. भरलेल्या जवनिकेत 20,000 आणि आकसलेल्या जवनिकेत 8,000 आले, तर 60 टक्के रक्त बाहेर फेकलं गेलं. त्याआधी आजूबाजूची गणती वजा करावी लागते. ती पुरेशी वजा झाली नाही, किंवा कुंपण ऐसपैस आखलं गेलं, तर धडधाकट हृदयाचाही टक्का घसरतो.