राष्ट्रीय खेळ

राष्ट्रीय खेळ : एखाद्या देशाने कायद्याने, शासकीय घोषणेने किंवा केवळ दीर्घ परंपरेने आपली ओळख म्हणून स्वीकारलेला खेळ. ही संज्ञा बहुधा ‘त्या देशातील सर्वांत लोकप्रिय खेळ’ या अर्थाने वापरली जाते. परंतु या दोन गोष्टी एकच असतात असे नाही, किंबहुना ज्या देशांनी रीतसर घोषणा केली आहे त्यांपैकी अनेकांत त्या वेगळ्याच आहेत. लोकांना आपणहून आवडणाऱ्या खेळाला अशा घोषणेची गरज सहसा पडत नाही. जो खेळ मागे पडत चालला आहे, पण ज्यात आपला इतिहास साठवला आहे असे लोकांना वाटते, त्याच्याकडे कायदेमंडळाचे लक्ष जाते, असे उपलब्ध उदाहरणांवरून म्हणता येते.

लोकप्रियता ठरविण्याची सर्वमान्य कसोटी नाही. नोंदणीकृत खेळाडू, मैदानावरील प्रेक्षक, दूरचित्रवाणीचे प्रेक्षक आणि जनमत पाहणी यांतील प्रत्येक मापाचे उत्तर वेगळे येऊ शकते. अमेरिकेत गॅलप संस्थेने ‘पाहायला सर्वांत आवडणारा खेळ कोणता’ हा प्रश्न १९३७ पासून वेळोवेळी विचारला आहे. सुरुवातीच्या दशकांत बेसबॉल अग्रस्थानी होता. १९७२ पासून मात्र अमेरिकन फुटबॉलने ते स्थान सोडलेले नाही. २०२३ च्या अखेरीस झालेल्या पाहणीत ४१ टक्के लोकांनी फुटबॉलचे, तर १० टक्के लोकांनी बेसबॉलचे नाव घेतले. तरीही ‘राष्ट्राचा विरंगुळा’ हे बिरूद बेसबॉलकडेच राहिले आहे, आणि त्यामागे कोणताही कायदा नाही. या खेळाच्या उगमाविषयीचा वाद बोधक आहे. १९०५ मध्ये नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस असा निष्कर्ष काढला की, ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधला. त्याचा मुख्य आधार एका वृद्धाने सुमारे ६६ वर्षांनी सांगितलेली आठवण एवढाच होता. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत शिकत होते, आणि त्यांच्या ज्ञात लेखनात आपण बेसबॉल शोधल्याचा दावा आढळत नाही. बेसबॉल हा राउंडर्स या इंग्रजी खेळापासून निघाला, हे क्रीडापत्रकार हेन्री चॅडविक यांचे मतही आज तसेच्या तसे मान्य होत नाही. १७४४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बालपुस्तकात ‘बेस-बॉल’ हे नाव येते, त्यामुळे चेंडू-दांडूच्या जुन्या इंग्रजी खेळांतून त्याची हळूहळू घडण झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संशोधकांनी डबलडेकथा नाकारली असली, तरी बेसबॉलचे स्मृतिभवन १९३९ मध्ये कूपर्सटाउन येथेच उघडले गेले.

कॅनडाचे उदाहरण या विषयात सर्वाधिक चर्चिले गेले आहे. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेच्या मूलनिवासींचा, टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ. त्यांच्यापैकी हॉडनोशोनी (इरोक्वॉय) लोक त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, आणि आजार बरा व्हावा म्हणूनही तो खेळण्याची प्रथा त्यांच्यात आहे. युरोपीय लेखनातील त्याचा आरंभीचा उल्लेख १६३० च्या दशकात, झां द ब्रेबफ या जेझुइट धर्मोपदेशकाच्या वृत्तांतात सापडतो. काठीचा आकार बिशपच्या धर्मदंडासारखा दिसल्याने त्याने हे नाव दिले, अशी व्युत्पत्ती जुन्या ग्रंथांत सर्रास आढळते. मात्र वाकड्या काठीने खेळल्या जाणाऱ्या खेळांना फ्रेंचमध्ये ‘क्रॉस’ हा शब्द आधीपासूनच होता, म्हणून धर्मदंडाची कल्पना नंतर जोडली गेली असण्याची शक्यता अधिक आहे. १८५६ मध्ये माँट्रिऑल लॅक्रॉस क्लब स्थापन झाला. त्याच शहरातील दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी नियम लिहून काढले, मैदान आणि खेळाडूंची संख्या निश्चित केली, आणि १८६७ मध्ये, म्हणजे कॅनडा संघराज्य झाले त्याच वर्षी, राष्ट्रीय लॅक्रॉस संघटना उभी राहिली. ‘आमचा देश आणि आमचा खेळ’ हे तिचे बोधवाक्य होते. इंग्लंडला क्रिकेट तसे कॅनडाला लॅक्रॉस, हा बीअर्स यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी वृत्तपत्रांतून व ग्रंथातून सातत्याने मांडला.

यातूनच पुढे अशी समजूत रूढ झाली की, संसदेने लॅक्रॉसला कायद्याने राष्ट्रीय खेळ ठरविले आहे. त्या कायद्याचे वर्ष कोणी १८५९ देतात, कोणी १८६७. यांपैकी पहिले वर्ष संघराज्यापूर्वीचे असल्याने कॅनडाच्या संसदेचा असा ठराव त्या वर्षी संभवतच नाही. १९६० च्या दशकात आइस हॉकीला हा मान द्यावा अशी मागणी पुढे आली, तेव्हा जुने कागद तपासले गेले आणि असा कोणताही कायदा आढळला नाही. सुमारे शंभर वर्षे ज्ञानकोशांतून आणि वृत्तपत्रांतून फिरत राहिलेली ही माहिती बीअर्स यांच्या प्रचाराचा परिणाम असावी, असे बहुतेक क्रीडा-इतिहासकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. अखेर १२ मे १९९४ रोजी खरा कायदा झाला. मूळ विधेयक केवळ हॉकीसाठी होते. लॅक्रॉसच्या समर्थकांच्या आक्षेपानंतर त्यात बदल होऊन आइस हॉकी हा हिवाळ्याचा आणि लॅक्रॉस हा उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ ठरला. प्रेक्षक आणि पैसा या दृष्टीने या दोहोंत तुलना नाही. हॉकी कितीतरी पुढे आहे. ज्यांचा हा खेळ, त्या मूलनिवासी खेळाडूंनाच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशीपणाच्या नियमांचा आधार घेऊन अजिंक्यपद स्पर्धांतून दूर ठेवले गेले, ही बाब कायद्याच्या चर्चेत फारशी आली नाही, ती येथे नोंदविणे आवश्यक आहे.

लॅटिन अमेरिकेत फुटबॉलचे प्राबल्य जवळजवळ सर्वत्र असले, तरी कायद्याने दिलेला मान अनेकदा ग्रामीण खेळांना मिळाला आहे. अर्जेंटिनाने १९५३ मध्ये अध्यक्ष पेरॉन यांच्या काळात ‘पातो’ हा राष्ट्रीय खेळ ठरविला. या शब्दाचा अर्थ बदक. पूर्वी टोपलीत किंवा कातड्यात कोंडलेले बदक घोडेस्वार एकमेकांकडून हिसकावीत. माणसे आणि जनावरे दगावत असल्याने त्यावर वेळोवेळी बंदी आली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात नव्या नियमांनी त्याचे पुनरुज्जीवन झाले, आणि बदकाच्या जागी सहा मुठी असलेला चामडी चेंडू व उभ्या खांबावरील जाळीदार कडे आले. चिलीत रोदेओ या घोड्यावरून गुरे अडविण्याच्या खेळाला १९६२ मध्ये, तर कोलंबियात ‘तेहो’ या धातूची चकती फेकून बंदुकीच्या दारूच्या पुड्या उडविण्याच्या खेळाला २००० मध्ये असा दर्जा मिळाला. कॅरिबियन पट्ट्यात चित्र वेगळे आहे; क्यूबात बेसबॉलने फुटबॉलला बराच काळ मागे ठेवले.

आशियात जपानचे सुमो हे कायद्याविना रूढ झालेले उदाहरण होय. टोकियोतील ऱ्योगोकू भागात १९०९ मध्ये बांधलेल्या कुस्तीगृहाला ‘कोकुगिकान’ (राष्ट्रीय कौशल्याचे भवन) हे नाव मिळाले आणि त्यानंतरच सुमोचे ‘राष्ट्रीय खेळ’ हे वर्णन सर्वतोमुखी झाले, असे मानले जाते. बेसबॉल तेथे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकन शिक्षकांमार्फत आला; १९१५ पासून चालत आलेली शालेय संघांची उन्हाळी स्पर्धा आजही देशभर पाहिली जाते. फिलिपीन्सने डिसेंबर २००९ मध्ये ‘आर्निस’ ही काठीची युद्धकला राष्ट्रीय खेळ म्हणून स्वीकारली, पण गल्लोगल्ली दिसते ते बास्केटबॉलचे कडे. दक्षिण कोरियाने तायक्वांदोला २०१८ मध्ये कायद्याने हा दर्जा दिला. श्रीलंकेने १९९१ मध्ये आणि नेपाळने २०१७ मध्ये व्हॉलीबॉलची निवड केली. नेपाळमध्ये त्यापूर्वी विटीदांडूशी साम्य असणारा ‘दांडी बियो’ राष्ट्रीय खेळ समजला जाई. भूतानमध्ये धनुर्विद्येला हा मान आहे, आणि तेथे ती गावोगावच्या सणांत खरोखर खेळली जाते.

बांगलादेशाने स्वातंत्र्यानंतर लगेच, १९७२ मध्ये, ‘हा-डु-डु’ या नावाने परिचित असलेल्या कबड्डीची निवड केली. हाच खेळ महाराष्ट्रात हुतूतू म्हणून खेळला जात असे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले होते. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा पदकांसाठी प्रथम समावेश झाला तेव्हा भारताने सुवर्ण आणि बांगलादेशाने रौप्यपदक मिळविले. ढाक्यातील प्रेक्षक मात्र त्या काळी फुटबॉलकडे वळलेले होते आणि, १९९७ मध्ये बांगलादेशाने आयसीसी करंडक जिंकल्यानंतर, ते क्रिकेटकडे वळले.

ऑस्ट्रेलियात एकच राष्ट्रीय खेळ सांगणे अवघड आहे. मेलबर्नमध्ये १८५९ साली नियमबद्ध झालेला ऑस्ट्रेलियन फुटबॉल दक्षिणेत व पश्चिमेत, तर रग्बी लीग सिडनी व क्वीन्सलंडमध्ये प्रबळ आहे. ही विभागणी दाखविणाऱ्या कल्पित रेषेला इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये फुटबॉलपटू रॉन बरासी यांच्या नावावरून ‘बरासी रेषा’ म्हटले. आफ्रिकेपैकी सेनेगलचा उल्लेख करावा लागतो: तेथे ‘लांब’ ही देशी कुस्ती लोकप्रियतेत फुटबॉलला बरोबरीने टक्कर देते.

भारतात हॉकी हा राष्ट्रीय खेळ असल्याचे पाठ्यपुस्तकांतून आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. १९२८ ते १९८० या काळात पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये मिळविलेली आठ सुवर्णपदके हा त्या समजुतीचा स्वाभाविक आधार होय. परंतु माहितीच्या अधिकाराखाली २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने आणि पुढे धुळे जिल्ह्यातील एका शिक्षकाने विचारणा केली असता, शासनाने कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ घोषित केलेले नाही, असे उत्तर केंद्राकडून मिळाले. हॉकीला हा दर्जा द्यावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये विचारात घेण्यास नकार दिला. कॅनडाप्रमाणेच येथेही समजूत कायद्याविना रुजली. फरक इतकाच की, तेथे नंतर कायदा झाला. क्रिकेटची लोकप्रियता निर्विवाद असूनही तशी घोषणा व्हावी, अशी मागणी त्याच्या बाजूने फारशी होत नाही.

राज्यांच्या पातळीवर असे निर्णय झालेले आहेत. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. गोव्याने २०१२ मध्ये फुटबॉलची निवड केली. हा खेळ तेथे १८८३ मध्ये शिवोली येथे आलेल्या एका ब्रिटिश धर्मगुरूने रुजविला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि घोषणा व लोकांची आवड एकत्र आल्याचे भारतातील हे ठळक उदाहरण आहे.